निर्वासित हे नाव घेऊन



होमिओपॅथीच्या डॉक्टरने रॅप संगीतावर का बोलावे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी या विषयाकडे आलो तो रोगाच्या वाटेने. 1983 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने एड्स या तेव्हा अगदी नव्या असलेल्या रोगाचा धोका कोणाला जास्त आहे, ते जाहीर केले. समलिंगी पुरुष, शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणारे, हिमोफिलियाचे रोगी, आणि चौथे, हैती या देशातून आलेले लोक. इंग्रजीत हेरॉइन धरून या चारांची आद्याक्षरे सारखी येतात, म्हणून लोक त्यांना 'चार एच' म्हणू लागले. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. रोगाच्या नावाआधी रोगी बघा, हे आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. इथे रोगी कोणी पाहिलाच नव्हता. त्याचा देश हेच लक्षण ठरले होते.

1985 मध्ये हैतीचे नाव त्या यादीतून काढले गेले. पण यादीतून काढलेले नाव लोकांच्या मनातून निघायला वेळ लागतो. 1990 च्या फेब्रुवारीत तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने रक्तपेढ्यांना सांगितले, की हैतीच्या माणसांचे रक्त घेऊ नका. त्यावर 20 एप्रिलला न्यूयॉर्कमधले हैतीचे हजारो लोक ब्रुकलिनचा पूल पायी ओलांडून मॅनहॅटनमध्ये उतरले. घरकाम करणाऱ्या बाया होत्या, टॅक्सी चालवणारे होते, परिचारिका होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशासनाने तो नियम मागे घेतला.

त्या वर्षी वायक्लेफ ज्याँ वीस वर्षांचा होता. पुढे जगभर गाजलेला हा रॅप गायक आणि संगीतकार अशा काळात वाढला, जेव्हा शाळेत 'मी हैतीचा' म्हणणे म्हणजे मार खायचे निमंत्रण होते. अनेक मुले आपण जमैकाचे आहोत असे सांगत. फ्रेंच वळणाची आडनावे जमेल तशी इंग्रजी करून घेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वायक्लेफने पुढे जे केले ते याच्या नेमके उलट होते, आणि मला त्याच्याबद्दल बोलावेसे वाटले ते त्यासाठीच.

त्याचा जन्म 17 ऑक्टोबर 1969 चा, हैतीच्या राजधानीजवळच्या क्रोआ-दे-बुके या गावचा. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मुलाचे नाव त्यांनी जॉन विक्लिफ याच्यावरून ठेवले. चौदाव्या शतकात बायबल लॅटिनमधून इंग्रजीत, म्हणजे सामान्य माणसाच्या भाषेत आणणाऱ्यांत विक्लिफ अग्रणी होता. त्याच्या आधी शंभर वर्षे आपल्याकडे ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली होती, आणि आमच्या घरात तर लहानपणापासून ऐकलेले असते, की महावीरांनी उपदेश केला तो संस्कृतात नव्हे, अर्धमागधीत. तेव्हा या नावाचे वजन तुम्हाला वेगळे सांगायला नको. गंमत म्हणजे हा मुलगा मित्रांच्या ज्या संचात गेला, त्याच्या नावातही 'भाषांतरकार' हा शब्द होता.

आता त्याची भाषा. हैतीचे लोक बोलतात ती क्रेओल. शब्द बहुतांश फ्रेंचमधून आलेले, पण बांधणी तिची स्वतःची, गुलामांच्या मळ्यांवर घडलेली. 1804 साली गुलामांनी बंड जिंकून हा देश स्वतंत्र केला, तरी न्यायालय, शाळा, सरकारी कागद सगळे फ्रेंचमध्ये राहिले. क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला तो 1987 च्या राज्यघटनेने. म्हणजे हा मुलगा देश सोडून गेला तेव्हा त्याची मातृभाषा त्याच्या स्वतःच्या देशातही दारात उभी होती, घरात घेतलेली नव्हती.

तो नऊ वर्षांचा असताना अमेरिकेत आला. आधी ब्रुकलिन, नंतर शेजारचे न्यू जर्सी राज्य. वडिलांच्या प्रार्थनामंदिरात तो गिटार वाजवू लागला, गाणाऱ्यांचा संच बसवू लागला. घरात रॅपला मज्जाव होता. ते सैतानाचे संगीत, असे धर्मोपदेशक वडिलांचे मत. आपल्याकडे कीर्तनकाराच्या मुलाने तमाशाच्या फडावर जावे, तसा तो प्रकार. पण तुम्ही त्याची गाणी लक्ष देऊन ऐकलीत, तर बोलता बोलता सुरावर चढायचे आणि पुन्हा बोलण्यावर उतरायचे ही त्याची लकब प्रार्थनामंदिरातली आहे, हे ओळखू येते. मुलगा वडिलांचे ऐकत नव्हता, पण वडिलांना ऐकत मात्र होता.

रॅपविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या वयाची माणसे 'ती बडबड' म्हणून मोकळी होतात. ठेक्यावर यमकबद्ध बोलत जाणे, प्रसंग सांगणे, फुशारकी मारणे, प्रतिस्पर्ध्याला टोमणा हाणणे. शाहिरी सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आणि हे संगीत मुळात स्थलांतरितांच्या पुढाकाराने उभे राहिले. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत ज्याने दोन तबकड्या फिरवून नाचाचा तुकडा लांबवला आणि ज्याच्यापासून या परंपरेची सुरुवात मानतात, तो क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क हा जमैकातून बारा वर्षांचा असताना आलेला मुलगा होता.

दुसरा शब्द 'प्रोड्यूसर'. याचे मराठी 'निर्माता' असे करू नका, त्याने पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. संगीतातला प्रोड्यूसर म्हणजे गाण्याचा ठेका कोणता, कोणते वाद्य कुठे येणार, गायिकेने कुठे थांबायचे, आवाज किती जवळचा वाटला पाहिजे, हे ठरवून ध्वनिमुद्रण पुरे करणारा माणूस. हिंदी चित्रपटसंगीतात शंकर-जयकिशन यांच्यासाठी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा जे वाद्यसंयोजन करत, त्यात ध्वनिमुद्रकाचे काम मिळवा आणि चाल करणाऱ्याचेही थोडे मिळवा, म्हणजे अंदाज येईल. गोव्याच्या त्या पिढीचे नाव तबकडीवर क्वचितच आले. अमेरिकेत निदान नाव येते.

न्यू जर्सीत तिघांचा संच जमला. वायक्लेफ, ब्रुकलिनमध्ये हैतीच्या आईबापांपोटी जन्मलेला प्राझ मिशेल, आणि लॉरिन हिल ही आफ्रिकन-अमेरिकन मुलगी. तिघांत तिचा गळा सगळ्यांत सुरेल. 1993 मध्ये त्यांचा एका कंपनीशी करार झाला. आधीच्या नावाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या एका संचाचे निघाले, म्हणून नाव बदलावे लागले. त्यांनी घेतले 'फ्यूजीज'. 'रेफ्यूजी', म्हणजे निर्वासित, या शब्दाचा तो तुकडा.

त्या वेळी हा शब्द कसा ऐकू येत होता ते बघा. सप्टेंबर 1991 मध्ये हैतीत लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले होते. हजारो माणसे पडक्या होड्यांतून समुद्रात उतरली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्यांना वाटेत अडवून क्यूबाच्या टोकावरच्या ग्वांतानामो तळावर छावणीत ठेवले. ज्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला त्यांची छावणी वेगळी. तिथल्या लोकांना अमेरिकेत यायला 1993 उजाडले. रोज संध्याकाळी दूरदर्शनवर त्या होड्या दिसत होत्या. आणि इकडे तीन तरुण तोच शब्द आपल्या छातीवर लावून घेत होते.

खुद्द वायक्लेफ होडीतून आलेला नव्हता. आई-वडील आधीच अमेरिकेत होते, त्यांच्याकडे तो आला. त्याला ते नाव घ्यायची गरज नव्हती, जमैकाचा म्हणून खपून गेला असता. ज्याला लपता येते त्याने न लपणे, याला मी धैर्य म्हणतो. तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, हे धंद्याचे डोके आहे, वेगळे नाव लक्षात राहते. तेही असेल. एका कृतीला दोन कारणे असू शकतात, हे अनेकांतवाद्याला मान्य करायला अडचण नाही.

1994 मधला पहिला संग्रह पडला. घाईघाईने, त्या काळच्या फॅशनप्रमाणे आरडाओरडा करत केलेला होता. एखादी कंपनी अशा वेळी पोरांना निरोप देते. यांना आणखी एक संधी मिळाली, आणि इथून पुढची हकिगत मला फार आवडते. त्यांनी महागड्या स्टुडिओत तासाला पैसे मोजण्याऐवजी हाती आलेल्या पैशांतून यंत्रे घेतली आणि न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज गावी वायक्लेफच्या काकांच्या घराच्या तळघरात ती मांडली. चुलतभाऊ जेरी डुप्लेसिस बास वाजवायला आणि यंत्रांवर. तळघराला घड्याळ नव्हते. वर स्वयंपाक, खाली ठेका. एकत्र कुटुंब ही गोष्ट परक्या मुलखात भांडवल म्हणून कशी वापरतात, हे इंदूर-बडोद्याला पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांना समजावून सांगायला नको. पहिल्या पिढीच्या ओसरीत काय काय चालले ते घरोघरी सांगतात.

त्या तळघरातून 'द स्कोर' हा संग्रह निघाला. 13 फेब्रुवारी 1996 ला तो बाजारात आला, अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, एकट्या अमेरिकेत साठ लाखांवर खपला आणि 1997 मध्ये त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यात नवे काय होते? जुने खूप होते, हे नवे होते. रॉबर्टा फ्लॅकचे 1973 सालचे संथ, दुःखी गाणे 'किलिंग मी सॉफ्टली' त्यांनी घेतले, लॉरिनचा आवाज जवळजवळ उघडा ठेवला, आणि खाली नुसता ढोल-बास. बॉब मार्लेचे गाणे घेतले ते न्यू जर्सीच्या गल्लीत आणून. 'रेडी ऑर नॉट' या गाण्यात आयर्लंडच्या एन्या या गायिकेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतला गुणगुणण्याचा तुकडा कापून ठेक्यावर बसवला. अशा कापलेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. पण यांनी तिची परवानगी घेतली नव्हती. ती न्यायालयात जायच्या बेतात होती, मग तडजोड झाली आणि तिचे श्रेय मान्य करावे लागले. गाण्यावरचा माझा जीव यामुळे कमी होत नाही, परंतु न विचारता घेतलेली वस्तू ती न विचारता घेतलेलीच असते. पुढे हाच स्वभाव पुन्हा दिसणार आहे, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

यशाच्या शिखरावरून माणूस काय करतो यावर त्याची परीक्षा होते. 1997 मध्ये वायक्लेफने स्वतःच्या एकट्याच्या नावाने 'द कार्निव्हल' काढला. कंपनीला हवे होते ते 'द स्कोर'सारखेच आणखी काही, हे उघड आहे. याने क्यूबाच्या सेलिया क्रूझला बोलावले, न्यू ऑर्लिन्सच्या नेव्हिल बंधूंना बोलावले, 'गॉन टिल नोव्हेंबर' या गाण्यासाठी न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकच्या वादकांना बसवले. आणि संग्रहाच्या शेवटी त्याने क्रेओल भाषेतली गाणी ठेवली. इंग्रजी भाषांतर नाही, खुलासा नाही. अमेरिकेतल्या लाखो मुलांनी ती तबकडी घरी नेली आणि ज्या भाषेवरून एका पिढीने मार खाल्ला, ती भाषा त्यांच्या खोल्यांत वाजू लागली.

ती गाणी त्याने आधी का केली नाहीत, असा प्रश्न विचारता येईल. माझे मत असे, की आधी कोणी ऐकली नसती, आणि नंतर करण्यात जोखीम होती. ती जोखीम त्याने घेतली. आपल्याकडे बाहेर गेलेला कलावंत मराठी बोलतो ते सत्काराच्या भाषणात, पहिले वाक्य. व्यवसायात, जिथे पैसा अडकलेला असतो तिथे, किती बोलतो ते पाहावे.

त्या क्रेओल गाण्यांतल्या एकाचे नाव 'जास्पोरा'. परदेशी गेलेल्या माणसाला हैतीत याच शब्दाने ओळखतात. 'अमुक अमुक जास्पोरा आहे', असे एकेकट्या माणसाबद्दलही म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरते. देशाचे तेव्हा नऊ विभाग होते. नव्वदच्या सुमारास राज्यकर्त्यांनी या बाहेरच्या लोकांना 'दहावा विभाग' असे प्रेमाचे नाव दिले, कारण घरी पैसे पाठवणारे तेच. 2003 मध्ये देशात खरोखरच दहावा विभाग तयार झाला, तेव्हा बाहेरचे लोक अकरावे झाले. 'बृहन्महाराष्ट्र' या भारदस्त शब्दाखाली तीन-चार पिढ्या काढलेल्या तुम्हा-आम्हाला हे वाचून हसू यावे आणि थोडे लागावेही.

प्रोड्यूसर म्हणून त्याच्या पुढच्या कामाची यादी मी देत बसत नाही, दोनच गाणी सांगतो. 1999 मध्ये कार्लोस सांताना या मेक्सिकोत जन्मलेल्या, वयाने बराच मोठ्या गिटारवादकासाठी त्याने आणि जेरीने 'मारिया मारिया' केले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मेक्सिकोच्या माणसाची गिटार, हैतीच्या माणसाचा ठेका. दुसरे, 2006 चे शकीराबरोबरचे 'हिप्स डोन्ट लाय'. ती कोलंबियाची, वडिलांकडून लेबनॉनच्या वंशाची. या गाण्याचा सांगाडा वायक्लेफच्याच दोन वर्षे आधीच्या, एका चित्रपटात वाजून विसरल्या गेलेल्या गाण्याचा होता. फुकट गेलेले काम टाकून न देता त्याला नवा सोबती शोधणे, हे या धंद्यातले खरे कौशल्य. तेही पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत आलेल्या परक्यांनी एकमेकांना हात दिला आणि अमेरिकेला नाचायला लावले.

आता अवघड भाग.

12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे गेली. वायक्लेफ लगेच तिथे पोचला, ढिगाऱ्यातून प्रेते उचलणाऱ्यांत तो होता. त्याची 'येले हैती' नावाची सेवासंस्था आधीपासून होती. फोनवरून एक संदेश पाठवला की पाच डॉलर जमा, अशी सोय तिने केली आणि थोड्या दिवसांत लाखो डॉलर आले. मग पत्रकारांनी संस्थेचे जुने हिशेब उघडले. कागद वेळेवर भरलेले नव्हते. संस्थेचा पैसा वायक्लेफशी संबंधित कंपन्यांकडेही गेलेला होता. स्वतःसाठी पैसा घेतला नाही, असे त्याने सांगितले, व्यवस्थेतल्या चुका मान्य केल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याने चौकशी लावली आणि 2012 मध्ये संस्था बंद पडली.

त्याच्या चाहत्यांनी याला गोऱ्या वर्तमानपत्रांचा कट म्हटले. मी त्यांच्याशी सहमत नाही. आपण बाहेर राहून गावच्या शाळेला, मंदिराला, पूरग्रस्तांना पैसे पाठवतो, तेव्हा घेणारा माणूस 'हिशेब काय मागता, आपलेच काम आहे' म्हणतो आणि देणाऱ्यालाही विचारणे हलके वाटते. ज्याच्या तळघरात हिशेबाशिवाय उत्तम गाणी झाली, त्याला वाटले असेल की मदतही तशीच होईल. तंबूत बसलेल्या बाईला त्याच्या हेतूशी काय करायचे आहे? तिला पाणी हवे होते.

आणि त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट 2010 मध्ये, त्याने हैतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायचे जाहीर केले. तरुण रस्त्यावर आले, भिंतींवर त्याची चित्रे निघाली. घटनेची अट होती की उमेदवार निवडणुकीच्या आधी सलग पाच वर्षे देशात राहिलेला पाहिजे. 2007 मध्ये अध्यक्षांनीच मला देशाचा फिरता राजदूत नेमले, मग मी बाहेर असणारच, असा त्याचा युक्तिवाद. 20 ऑगस्टला निवडणूक मंडळाने त्याचे नाव वगळले. तुमच्या घरातल्या मुलाने महाराष्ट्रात प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज केला असेल, तर रहिवासाचा दाखला मागणाऱ्या खिडकीपुढे काय वाटते ते तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत तो हैतीचा म्हणून ओळखला गेला, आणि हैतीने त्याला विचारले, तू इथे कधी राहिलास?

मला वाटते, मंडळाचा निर्णय नियमाला धरून होता. ज्या देशात संध्याकाळी वीज जाते, तिथे पाच वर्षे संध्याकाळ काढलेल्या माणसानेच राज्य करावे असे कोणी म्हटले, तर त्यात मला वावगे दिसत नाही. तरीही एक गोष्ट खरी, की परक्या देशात हैतीचे नाव खाली घालायच्या काळात ज्याने ते वर धरले, त्याला त्या नियमात जागा नव्हती. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. त्यातले एक खोटे ठरवून मन मोकळे करून घ्यावे, असा मोह मला झाला होता. झाला नाही असे म्हणणार नाही.

ती निवडणूक शेवटी एका गायकानेच जिंकली. मिशेल मार्तेली, हैतीच्या नाचगाण्यांचा लाडका कलावंत, रंगमंचावरचा वात्रटपणा प्रसिद्ध असलेला. 14 मे 2011 रोजी त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली. वायक्लेफने प्रचारात त्याला पाठिंबा दिला होता.

नंतर तो पुन्हा गाण्यांकडे वळला. 2017 मध्ये 'कार्निव्हल' मालिकेतला तिसरा संग्रह आला. तेव्हा तो पंचेचाळिशी ओलांडलेला, पुरस्कार, पैसा, आरोप, पराभव सगळे पाहिलेला माणूस होता, अमेरिकेत येऊन त्याला अडतीस वर्षे झाली होती. संग्रहाच्या नावात त्याने स्वतःसाठी एकच शब्द वापरला आहे : रेफ्यूजी.